लॅटिनचं बोनाफाईड

दर जूनमध्ये महाराष्ट्रातल्या शाळांच्या ऑफिसबाहेर लॅटिन बोलणाऱ्यांची रांग लागते. एसटीचा पास, शिष्यवृत्ती, बँकेतलं खातं, कशासाठी तरी प्रत्येकाला 'बोनाफाईड' हवं असतं. "बोनाफाईड पायजे होतं." "कुणाचं?" "पोराचं." "परवा या, मॅडम ट्रेनिंगला गेल्यात." ज्या भाषेत सिसेरोने सिनेटमध्ये भाषणं ठोकली, त्या भाषेतला हा व्यवहार खिडकीच्या दोन्ही बाजूंना बिनबोभाट समजतो, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना लॅटिन शिकलेलं कुणीही नसतं.

मुळात 'बोना फिदे' म्हणजे सद्भावनेने, सचोटीने. आपल्या तृतीयेचा 'ने' जे काम करतो, ते लॅटिनमध्ये शब्दाचं शेपूट बदलून होतं. म्हणजे रोमन माणूस व्यवहार बोनाफाईड करायचा. इंग्रजांनी त्याचं विशेषण केलं आणि माणसांना लावलं: बोनाफाईड ग्राहक, बोनाफाईड विद्यार्थी. आपण त्यापुढचा विद्यार्थीही कापला, सर्टिफिकेटही कापलं, आणि उरलं त्याचं नपुंसकलिंगी नाम करून टाकलं. ते आता काढता येतं, हरवतं, पावसात भिजतं, लॅमिनेट होतं, आणि क्लार्कची थोडी मनधरणी केली की त्याची डुप्लिकेटही मिळते. सद्भावनेची डुप्लिकेट! एवढी सोय रोमन लोकांकडेसुद्धा नव्हती.

आता हे चूक म्हणायचं की बरोबर? इंग्रजीतल्या लॅटिनचा सगळा घोळ इथेच आहे, कारण तिथे निवाडा करणारे दरबार दोन आहेत. एकात लॅटिनचं व्याकरण बसलेलं असतं, दुसऱ्यात इंग्रजीची वहिवाट. आणि समोरच्याची चूक काढायला ज्या दिवशी जो दरबार सोयीचा, त्या दिवशी माणूस त्यात फिर्याद नेतो. 'डेटा' हा शब्द अनेकवचनी आहे, त्याच्यापुढे 'इज' लावणं अडाणीपणाचं आहे, असं ठणकावून सांगणारे गृहस्थ 'अजेंडा'पुढे खुशाल 'इज' लावतात. खरं तर अजेंडाही लॅटिनमध्ये अनेकवचनच, 'करायच्या गोष्टी'. पण ते कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. यांचं लॅटिन म्हणजे इंग्रजी शब्दकोशाच्या शेवटी 'परकीय शब्द व वाक्प्रचार' अशी जी चारपाच पानं असतात तेवढं, आणि त्यातही 'पी'च्या पुढे ते सहसा गेलेले नसतात.

माझं मत विचाराल तर शेतातल्या पाऊलवाटेला जो न्याय तोच या शब्दांना लावावा. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून गेले की वहिवाट पडते, मग कुणी सातबारा दाखवून कुंपण घालू नये. त्यातून या वाटेचा मूळ मालक वारून कित्येक शतकं झाली. तरी एकदोन बांधांवर मात्र मी स्वतः काठी घेऊन उभा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला बांध 'आय. ई.' आणि 'ई. जी.' यांच्या मधला. 'आय. ई.' म्हणजे 'इद एस्त', अर्थात 'म्हणजे'. 'ई. जी.' म्हणजे 'एक्झेम्प्ली ग्रातिया', 'उदाहरणादाखल'. इंग्रजी मेल लिहिणारी निम्मी जनता या दोघांना जुळे भाऊ समजते आणि हाताला लागेल तो वापरते. आता समजा सोसायटीच्या दिवाळी कार्यक्रमाची इंग्रजी नोटीस आली की प्रत्येकाने फराळाचे पदार्थ आणावेत, आय. ई. चकली. नोटीस लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, चकलीबिकली काहीतरी आणा. पण लॅटिनप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की या सोसायटीत फराळ म्हणजे चकली, दुसरं काही नाही. अनारसे घेऊन येणाऱ्या काकू तांत्रिकदृष्ट्या नियमभंग करत आहेत. हा फरक खरा आहे, त्याने करार फिरतात, म्हणून इथे मी वहिवाटीचं ऐकणार नाही. बाकी 'ई. जी.' म्हणजे 'एक्झाम्पल गिव्हन' असं मनाशी ठरवलेले लोक कधी चुकत नाहीत. लॅटिन चूक, वापर बरोबर.

ब्रिटिश सरकारने यावर २०१६ मध्ये आपल्या परीने उपाय काढला. सरकारी संकेतस्थळांवरून 'ई. जी.', 'आय. ई.' आणि 'इटीसी' ही मंडळी हळूहळू हटवायची असं तिथल्या डिजिटल खात्याने ठरवलं. कारण मोठं मजेशीर होतं. ते बिंदू न देता लिहितात, आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी काही यंत्रं 'ईजी' हे 'एग' असं वाचत. म्हणजे एखाद्या आजीबाई सरकारी मदतीची अट ऐकताहेत: ओळखपत्र जोडावे, अंडे, वाहन परवाना. ओळखपत्राबरोबर अंडं जोडणारा एकही अर्जदार निघाला नसेल अशी आशा आहे.

'एट सेटेरा'ची गोष्ट वेगळी. त्यातला 'एट' म्हणजेच 'आणि'. त्यामुळे 'अँड एटसेटरा' हा शुद्ध पिवळा पीतांबर. त्यात 'ई. जी.' लावून सुरू केलेल्या यादीला शेवटी 'इटीसी' जोडणारे लोक असतात. 'उदाहरणार्थ' म्हटल्यावर यादी अपुरीच असते, तिच्या अपुरेपणाची पुन्हा पावती कशाला? उच्चाराबद्दल तर बोलायलाच नको. खुद्द इंग्लंड-अमेरिकेत ते सर्रास 'एक्सेट्रा' होतं, त्यामुळे आपल्या 'एक्सेट्रा, एक्सेट्रा'ला कुणी हसू नये. आणि हसणाऱ्याला 'इत्यादी वगैरे' कधी म्हणाला नाहीस का, एवढं विचारावं. संस्कृतातला 'आदी' आणि अरबीतला 'वगैरे' एका दमात जुंपणाऱ्यांनी इंग्रजांच्या एका फाजील 'अँड'वर बोट ठेवणं बरं दिसत नाही.

लॅटिन चुकवणाऱ्यांना हसण्याची परंपरा मात्र जुनी आहे, आणि तिच्यातूनच एक शब्द जन्माला आला. इंग्लंडात ग्रँड ज्युरीपुढे एखादं आरोपपत्र आलं आणि पुरावा पुरेसा वाटला नाही, तर त्याच्या पाठीवर 'इग्नोरामस' असा शेरा मारत. अर्थ: आम्हांस ठाऊक नाही. आपल्याकडच्या 'सबब फाईल बंद' या शेऱ्याचा हा रोमन मावसभाऊ. १६१५ मध्ये केंब्रिजला पहिल्या जेम्स राजापुढे जॉर्ज रगल याचं 'इग्नोरामस' याच नावाचं प्रहसन झालं. मुख्य पात्र वकील, अंगात मोठा रुबाब आणि तोंडात कोर्टातलं मोडकंतोडकं लॅटिन. राजा इतका खूश झाला की तेच नाटक बघायला त्याच वर्षी परत केंब्रिजला आला. वकील मंडळी किती खूश झाली असतील ते आपण समजू शकतो. तेव्हापासून इंग्रजीत इग्नोरामस म्हणजे ठोंब्या.

आता यातली मौज बघा. हा शब्द लॅटिनमध्ये नाम नाहीच, क्रियापद आहे. त्यामुळे त्याचं अनेकवचन इंग्रजी पद्धतीने, 'इग्नोरामसेस' असंच करावं लागतं. पण शेवटी 'अस' दिसलं की त्याचं 'आय' करायची एक शिकलेली खोड असते. ती खोड असलेला माणूस ऐटीत 'इग्नोरामाय' म्हणतो, आणि आपणच त्या शब्दाचं एकवचन होऊन बसतो.

अनेकवचनावरून 'अलुमनी' आठवले. लॅटिनमध्ये एका माजी विद्यार्थ्याला अलुम्नुस म्हणायचं, एका विद्यार्थिनीला अलुम्ना, आणि अलुम्नी म्हणजे बरेच जण. मूळ अर्थ 'पोसलेलं पोर', आणि फी भरून शिकलेल्यांना तो अर्थ मुळीच पटणार नाही. पण आपल्याकडचा प्रत्येक इंजिनियर आपली ओळख 'आय अॅम अॅन अलुमनी ऑफ' अशी करून देतो, आणि शुद्धिवाले कपाळाला हात लावतात. मला वाटतं त्यांना मराठी व्याकरण कळलेलं नाही. हे आदरार्थी बहुवचन आहे. 'साहेब आले', 'दादा जेवले', तसे 'हे अमक्या कॉलेजचे अलुमनी'. फक्त हा आदर माणूस स्वतःच स्वतःला देतो, पण नावापुढे आपणच 'श्री.' लिहिणाऱ्यांच्या मुलखात तेवढ्याने काय बिघडतं?

आणि उच्चारात तर हा आपला इंजिनियर थेट प्राचीन रोमला जाऊन भिडतो. इंग्रज मंडळी पुरुषांच्या अनेकवचनाला 'अलम्नाय' म्हणतात आणि बायकांच्या अनेकवचनाला 'अलम्नी'. जुन्या रोममध्ये हे बरोब्बर उलट होतं: पुरुष अलुम्नी, बायका अलुम्नाइ. म्हणजे लंडनच्या प्राध्यापकाने 'अलम्नी' म्हणून बायकांना हाक मारली, तर सिसेरोच्या काळचे पुरुष उठून उभे राहतील.

खरं सांगायचं तर लॅटिनचा जुना उच्चार करायला इंग्रजापेक्षा मराठी जीभ सरस आहे. रोमन 'त' आणि 'द' दातांवरचे, आपल्यासारखे. इंग्रज तिथे ट आणि ड करतो. रोमन 'व' ओठांतला मऊ, आपल्या 'वाटी'तल्यासारखा. इंग्रज तिथे दात लावून 'व्ह' काढतो. 'क' नेहमी 'क'च, त्यामुळे सिसेरो मुळात किकेरो, आणि सीझर हा कैसर. गंमत अशी, की आयुष्यभर 'सीझर' म्हणणाऱ्या इंग्रजांनी १८७७ च्या दिल्ली दरबारात आपल्या राणीला पदवी दिली ती 'कैसर-इ-हिंद'. अरबी-फारसीच्या वाटेने फिरत फिरत आलेला तो कैसर रोमन उच्चाराच्या कितीतरी जवळ होता. आता नोकरीच्या अर्जाला जोडतात तो 'करिक्युलम व्हायटी' घ्या. त्यातला 'वीता' हा आपल्या 'जीवित'चा सख्खा चुलतभाऊ. मराठी माणसाने आपल्या जिभेला पडेल तसा तो शब्द वाचला असता तर रोमन माणसाला कळला असता. पण आपण मुलाखतीच्या आदल्या रात्री आरशासमोर उभे राहून तो 'व्हायटी' असा घोटतो, आणि पुढचे साहेब त्याला 'सीव्ही' म्हणून मोकळे होतात.

उच्चारांच्याही तीन जाती आहेत. वकिलांचा 'प्रायमा फेशी', पुस्तकातल्या रोमनांचा 'प्रीमा फाकिए', चर्चमधला इटालियन वळणाचा 'प्रीमा फाचिए'. गोव्यात, वसईत १९६० च्या दशकातल्या सुधारणांपर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच होत असे, आणि तिथल्या आज्यांना अख्ख्या प्रार्थना तोंडपाठ असत. अर्थ विचारू नये. आपण तरी अथर्वशीर्षाचा कुठे विचारतो!

लॅटिनचं खरं माहेर मात्र कोर्ट. आणि तिथे माझा दुसरा बांध आहे. 'सुओ मोतू' म्हणजे स्वतःच्या प्रेरणेने. त्यातला 'सुओ' आपल्या 'स्व'चाच गोतावळा. न्यायालयाने कुणी न सांगता एखाद्या गोष्टीची दखल घेतली की हा शब्द निघतो. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याचं आधी 'सुओ मोटो' झालं, आणि मराठी पत्रकारांनी मधली फट बुजवून 'सुमोटो' केलं. 'खड्ड्यांबाबत उच्च न्यायालयाची सुमोटो याचिका' असा मथळा वाचला की माझ्या डोळ्यांपुढे लंगोट लावलेला अगडबंब जपानी पैलवान येतो, आणि तो महापालिकेला खड्ड्यात ढकलत असतो. बरं, याचिका म्हणजे याचना. न्यायालय स्वतःपुढे स्वतःच पदर पसरतं की काय? 'स्वतःहून दखल' हे दोन सरळ मराठी शब्द जागेवर हजर असताना हा पैलवान पोसायचं कारण मला कळलेलं नाही. अमेरिकी न्यायाधीश याच कामाला 'सुआ स्पॉन्ते' म्हणतात. आपण तो शब्द उचलला नाही हे नशीब. 'सुसपोंटे याचिका' वाचून सकाळचा चहा गेला नसता.

पण मराठी प्रतिशब्दांचा फार अभिमान धरावा, तर राज्यघटनेचा अनुच्छेद ३२ उघडावा. इंग्रजीत तिथे हेबियस कॉर्पस, मँडॅमस, को वॉरंटो, सर्शिओरारी अशी लॅटिन पंगत बसलेली आहे. मराठी घटनेत त्यांच्या जागी आहेत देहोपस्थिती, महादेश, क्वाधिकार आणि प्राकर्षण. 'क्वाधिकार' म्हणजे तुझा अधिकार कुठला ते सांग. संस्कृत 'क्व' म्हणजे कुठे. शब्द निर्दोष आहे. फक्त तुरुंगात टाकलेल्या माणसाची बायको वकिलाकडे धावत जाऊन 'आमच्या ह्यांची देहोपस्थिती करा हो' असं म्हणेल का? ती 'हेबियस' म्हणते. कॉर्पससुद्धा म्हणत नाही.

हेच इंग्रजांचंही झालं होतं. कोर्टाचं कामकाज सामान्य माणसाला कळावं म्हणून १७३० मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून लॅटिन बंद केलं. १७३३ पासून अंमल. पण ठरलेल्या तांत्रिक शब्दांची इंग्रजी भाषांतरं ऐकून कोर्टात कुणाचा चेहरा गंभीर राहीना. तेव्हा ताबडतोब दुरुस्ती झाली, आणि असे शब्द पूर्वीसारखे लॅटिनमध्ये वापरायची मुभा मिळाली. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने आणखी एक गाऱ्हाणं नोंदवून ठेवलं आहे: इंग्रजीला शब्द जास्त लागतात, त्यामुळे कागद वाढले आणि खर्चही वाढला. लोकांच्या सोयीसाठी केलेल्या कायद्याचं बिल लोकांनाच आलं. पुढे १९९९ मध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या सुधारणांनी इंग्लंडच्या दिवाणी कोर्टातून 'एक्स पार्टी', 'इन कॅमेरा', 'सपीना' यांची हकालपट्टी केली. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर आजही विचारपूस चालते, "कॅव्हेट टाकलं का? नाहीतर समोरचा एक्स पार्टी स्टे घेईल ना बाबा!" त्यातला धोतर नेसलेला अशील लॅटिनचे हे दोन शब्द लंडनच्या बॅरिस्टरपेक्षा अचूक वापरतो. त्याची जमीन त्यात अडकलेली असते.

सरकारी कचेऱ्यांतलं लॅटिन याच्या अगदी उलट. 'व्हिडे' म्हणजे 'पहा'. पण 'व्हिडे लेटर नंबर अमुक' असं लिहिणाऱ्याने ते पत्र पाहिलेलं नसतं, आणि वाचणाराही पाहणार नसतो. 'अॅड हॉक' म्हणजे 'यासाठी', आपला 'तदर्थ' त्याचाच शब्दशः अवतार. काम संपलं की अशी समिती संपावी. आमच्या सोसायटीची पार्किंगची अॅड हॉक कमिटी आता सदस्यांच्या दुसऱ्या पिढीत आहे. दरवर्षी तिचा अहवाल ठेवायला सभा भरते, कोरम होत नाही म्हणून अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर कोरमशिवाय कायदेशीर होतात. आणि 'एक्स ग्रॅशिया' म्हणजे कृपेपोटी, आपखुशीने. मराठीत 'सानुग्रह अनुदान'. मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची दिवाळी या अनुग्रहाने साजरी होते. अनुग्रह जाहीर व्हायला उशीर झाला की मोर्चा निघतो. कृपा करा नाहीतर काम बंद, ही मागणी रोमन देवळातही कुणी केली नसावी.

इंग्लंडात बोर्नमथ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. २००८ मध्ये तिथल्या नगरपालिकेने कर्मचाऱ्यांना यादीच दिली: 'बोनाफाईड', 'अॅड हॉक', 'व्हाइस व्हर्सा' छापाचे शब्द टाळा, लोकांना कळत नाहीत. केंब्रिजच्या मेरी बीअर्ड यांच्यासारख्या लॅटिनच्या विदुषी भलत्याच चिडल्या. नगरपालिकेचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण ज्या गावाच्या बोधचिन्हावर 'पुल्क्रितूदो एत सालूब्रितास', म्हणजे सौंदर्य आणि आरोग्य, असं भलंमोठं लॅटिन बोधवाक्य आहे त्या गावाने हे सांगावं? ते वाक्य यादीत नव्हतं. ते कुणालाच कळत नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रारही आली नसणार.

इतक्या गोंधळात लॅटिनचा बिनचूक आणि चमकदार वापर झालाच नाही असं नाही. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध घशात घातला. पुढच्या वर्षी 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात आलं, की सेनापतीने वरिष्ठांना एकाच शब्दाचा खलिता पाठवला: 'पेक्कावी'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'माझ्या हातून पाप घडलं'. इंग्रजीत हेच वाक्य म्हणा, 'आय हॅव सिन्ड', आणि कानाला ऐकू येतं, 'सिंध माझ्या हाती आहे'. कबुलीजबाब आणि विजयवार्ता एकाच शब्दात. पुढे हा किस्सा इतिहासाच्या पुस्तकांतून नेपियरच्या नावावर खपत राहिला. नेपियरने असलं काही पाठवलं नव्हतं. ती कोटी कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीची. तिनेच ती 'पंच'कडे धाडली होती. सिंध नंतर १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत राहिला, म्हणजे त्या पापाची फाईल बरीच वर्षं मुंबईच्या सचिवालयात फिरत होती.

मुद्दाम मिरवायला काढलेलं लॅटिन घसरतं, आणि पोटापाण्यासाठी रोज हाताळलेलं सहसा घसरत नाही, असं माझं निरीक्षण आहे. अशिलाचं वर सांगितलंच. पण आजच्या महाराष्ट्रातला सर्वांत पक्का लॅटिन पंडित विचाराल, तर मी नाक्यावरच्या केमिस्टच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या बारावी झालेल्या पोराकडे बोट दाखवेन. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात 'बी. डी.'. हे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. 'बिस' म्हणजे संस्कृत 'द्विः', आणि 'दिए'मध्ये आपला 'दिवस' दिसतोच. 'एच. एस.' म्हणजे 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. 'टी. डी. एस.' म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. प्राप्तिकरवाल्यांनी हीच तीन अक्षरं वेगळ्या अर्थाने पळवली आहेत, पण पगारातून कापून घेण्याच्या बाबतीत 'दिवसातून तीनदा' हा अर्थसुद्धा पगारदाराला परका वाटणार नाही.

सर्वांत घबराट उडवतं ते 'एस. ओ. एस.'. आजोबांच्या चिठ्ठीवर ही अक्षरं बघून अमेरिकेतला नातू व्हिडिओ कॉलवर रडकुंडीला येतो. जहाज बुडताना पाठवतात तो संदेश डॉक्टरांनी का लिहिला? केमिस्टचा पोरगा शांत. 'सी ओपुस सित', गरज पडली तर. तो लॅटिन म्हणत नाही, "दुखलं तरच घ्या" म्हणतो. चिठ्ठीच्या डोक्यावरचं ते 'आरएक्स'सुद्धा लॅटिन 'रेकिपे'चं संक्षिप्त रूप, म्हणजे 'घे'. स्वयंपाकाची रेसिपीही तीच. मात्र 'ओ. डी.' बघून जपावं: आपल्याकडे ते 'ओम्नी दिए', रोज एकदा, अमेरिकेत ते 'ओकुलुस डेक्स्तेर', उजवा डोळा. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी डोळ्यात घालायला सांगणाऱ्या चिठ्ठीचा अर्थ लावताना हा पोरगा चुकत नाही म्हणून बरं आहे.

आता शेवटचा एक शब्द, 'क्विड प्रो को'. २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात तो जगभर गाजला. युक्रेनला मदत देण्याच्या बदल्यात काही मागितलं होतं की नव्हतं, यावर महिनोन्‌महिने काथ्याकूट झाली.  खरं तर शब्दाच्या अर्थावरच हरकत घ्यायला जागा होती. देण्याच्या बदल्यात घेणं, याला रोमन कायद्यात 'दो उत देस' म्हणत: मी देतो, तू द्यावंस म्हणून. त्यातला 'दो' आपल्या 'ददामि'च्याच घरातला. 'क्विड प्रो को' हा इंग्रजीत मुळात आला तो औषधांच्या दुकानातून. वैद्याने सांगितलेली मुळी सापडली नाही की दुकानदार तिच्या जागी दुसरी बांधून देई, कधी चुकून, कधी जाणूनबुजून. याच्या जागी ते, एवढाच त्याचा अर्थ. फ्रेंचांत तर 'किप्रोको' म्हणजे आजही निव्वळ गैरसमजाचा घोटाळा.

म्हणजे अमेरिकेच्या सिनेटमध्ये तो शब्द चुकला असं म्हणता येईल, आणि मूळ अर्थाने तो जिवंत आहे तो आपल्या नाक्यावर, रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली ओढलेलं असताना.

"काका, ही कंपनी संपलीय. दुसरी देऊ? कंटेंट सेम आहे. चार रुपये कमी पडतील."

"डॉक्टरांनी हीच लिहून दिलीय रे."

"अहो, सगळे हीच नेतात."

काका चिठ्ठी चष्म्याजवळ धरून पुन्हा एकदा बघतात, मग त्याच्याकडे बघतात, आणि गोळ्या घेतात. बोनाफाईड, म्हणजे सद्भावनेने.